तांबडं, पांढरं आणि घोडं

मंगोलियाला निघालोय म्हटल्यावर गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पहिला विषय निघाला तो मंचुरियनचा. "गोबीचं वाळवंट तिकडंच हाय न्हवं? आणि मंचुरिया शेजारी. म्हणजे गोबी मंचुरियनचं माहेरच की रे ते, लका! ओरिजिनल खाऊन ये." हातात धारोष्ण दुधाचा फेसाळ ग्लास असला की कोल्हापूरकराला जगाचा भूगोल असा लख्ख दिसतो.

युक्तिवाद बिनतोड होता, फक्त खरा नव्हता. गोबीच्या वाळवंटात फ्लॉवर पिकत नाही. मंचू राजघराण्याने मंगोलियावर दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं ते १९११ साली संपलं, आणि त्याची आठवण मंगोलियन माणसाला जेवताना तरी नको असते. मंचुरियन हा पदार्थ तर आपल्या मुंबईतला. मोठ्या हॉटेलांत भल्यामोठ्या तव्यावर भाजून देतात तो 'मंगोलियन बार्बेक्यू' १९५१ साली तैवानमध्ये सुरू झाला. थोडक्यात, मंगोलियाच्या नावावर जगभर जे खपतं ते मंगोलियात कोणी ओळखतही नाही. मला याचं नवल वाटलं नाही. मी 'व्हेज कोल्हापुरी'च्या गावचा आहे.

तसा मी निर्धास्त होतो. माणसं सुमारे ३५ लाख आणि गुरंढोरं ६ कोटींच्या घरात, अशा देशात आपली उपासमार होणार नाही एवढं गणित मला येतं. मेंढी, बकरी, गाय आणि याक, घोडा, उंट अशी तिथली पाच जनावरं. मंगोलियन लोक त्यांना 'पाच तोंडांचं धन' म्हणतात. कुस्ती, दूध आणि मटण या तीन गोष्टींवर उभा असलेला देश. म्हणजे करवीर तालुकाच, जरा ऐसपैस.

अडचण एकच होती. प्रवास ऑगस्टमध्ये होता आणि ऑगस्टमध्ये श्रावण होता.

"परदेशात श्रावण लागत नाही," मी घरी जाहीर केलं.

"चंद्र उगवतो ना तिथं?" ही म्हणाली. "मग श्रावणही असतो. तुम्ही काय खायचं ते खा. मी पाळणार."

त्यानंतर तिने बॅग भरली. मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, भडंगाची अकरा पाकिटं, लिंबाचं गोड लोणचं. मटणाच्या देशात बारा दिवस उपाशी राहायची सगळी तयारी. माझी तयारी एका डबीत मावली. आईची जुनी चांदीची हळदीकुंकवाची डबी होती, तिच्यात घट्ट दाबून कांदा-लसूण चटणी भरली आणि खिशात टाकली. ही डबी पुढे इतिहास घडवणार होती.

*

उलानबातारमध्ये श्रावण पाळणं मुळीच अवघड गेलं नाही. निम्मा देश या एका शहरात राहतो, आणि तिथे चक्क शाकाहारी हॉटेलं आहेत. विमानतळाला चंगीझ खानाचं नाव, व्होडकेलाही त्याचंच. त्याच्या नावाच्या शहरवजा साम्राज्यात बसून हिने सोयाबीनचे बूज खाल्ले. बूज म्हणजे वाफवलेली करंजी म्हणा किंवा खिम्याचा मोदक म्हणा. कळ्या पाडून मुरड घालतात, वर वाफ जायला भोक ठेवतात. त्सगान सार या त्यांच्या नववर्षाला घराघरांत हजारभर बूज वळून थंडीत गोठवून ठेवतात आणि पाहुणा आला की उकडतात. हिने एक बूज उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, "कळ्या चांगल्या पाडल्यात. उकड जरा जाड झालीय."

खरा मंगोलिया दुसऱ्या दिवशी सुरू झाला. गाडी रशियन बनावटीची, तिला सगळे 'पुरगोन' म्हणतात. दिसायला पावाच्या लादीसारखी आणि आत बसलं की आपलीच लादी होते. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, मानेचा आणि खांद्याचा सांधा कुठे आहे ते सापडू नये असे पैलवानी. बरोबर दुभाषी म्हणून कॉलेजात शिकणारी एक चुणचुणीत पोरगी. मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, 'अखाऽ' म्हणायचं, म्हणजे दादा, असं तिने पहिल्याच दिवशी शिकवलं. हिने ते मनावर घेतलं आणि त्या मिशाळ पैलवानाला पहिले दोन दिवस 'अक्का' म्हणून हाक मारली. त्यांनीही प्रत्येक वेळी ओ दिली.

दुपारी रस्त्याकडेच्या खानावळीत थांबलो. तिला 'ग्वांझ' म्हणतात. भिंतीवर पदार्थांची लांबलचक यादी. मी एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो आणि काउंटरमागच्या बाई एकच शब्द म्हणत गेल्या, "बाइखग्वी." मला वाटलं, पदार्थाचं नाव सांगतायत. पाचव्या बाइखग्वीला मी म्हणालो, "चालेल. दोन प्लेट बाइखग्वी द्या." दुभाषी पोरगी टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. बाइखग्वी म्हणजे नाही. संपलं. शिल्लक नाही. मंगोलियात यायचं तर 'नमस्कार'च्या आधी हा शब्द शिकावा.

होतं ते त्सुइवन. हाताने कापलेल्या कणकेच्या शेवया, त्या मटणाच्या रश्श्यावरच पसरून वाफवायच्या आणि मग सगळं एकत्र परतायचं. एका भांड्यात जेवण तयार. ज्यांचं घर वर्षातून चारदा उंटावर किंवा ट्रकवर चढतं त्यांना घासायला दुसरं भांडं परवडत नाही. त्यात गाजराचे तीन तुकडे होते, कुळाचार म्हणून.

"भाजी नाहीच का काही?" हिने विचारलं.

पोरीने ते अखांना सांगितलं. भाजीला 'नोगो' म्हणतात, आणि रानात उगवणाऱ्या हिरव्या चाऱ्यालाही नोगोच. अखांनी खिडकीतून टेकडीवरच्या मेंढ्यांकडे हात केला, मग माझ्या ताटाकडे केला, आणि 'पोचली की भाजी' अशा अर्थाची मान डोलावली. हिने भडंगाचं पहिलं पाकीट फोडलं.

*

चहा मात्र सगळीकडे होता. 'सूतेइ त्साय', म्हणजे दुधाचा चहा. यातला 'त्सा' आलेले गोरे पर्यटक जिभेची कसरत करून म्हणतात. आपण मराठी माणसं तो चुलीतल्या 'चु'सारखा लीलया काढतो. परदेशी भाषेत आपला उच्चार पहिल्या फटक्यात बरोबर येण्याचा आयुष्यातला तो एकमेव प्रसंग, म्हणून मी दिवसात आठ वेळा चहा मागितला. मागितला तो प्यावा लागला, इतकंच.

कारण तो खारट असतो. विटेसारख्या दाबलेल्या चहाचा तुकडा फोडून पाण्यात उकळतात, त्यात भरपूर दूध आणि मीठ घालतात, आणि मग मोठ्या पळीने उंचावरून पुन्हा पुन्हा ओततात. ती धार बघून आपल्या टपरीवाल्याचा भास होतो आणि तिथेच घात होतो. जीभ साखरेच्या तयारीत बसलेली असते आणि मीठ येतं. सासर समजून घरात शिरावं आणि आत इन्कमटॅक्सवाले बसलेले असावेत तसं.

"दूध आणि मीठ म्हणजे विरुद्ध अन्न," ही म्हणाली.

मी चहा समजून तीन दिवस प्यायलो आणि तीन दिवस भांडलो. चौथ्या दिवशी वारा सुटला, ऑगस्टमध्ये हातमोजे शोधायची वेळ आली, आणि कोणीतरी पुढे केलेला वाडगा मी चहा न समजता सार समजून प्यायलो. त्या क्षणी भांडण मिटलं. चुकत होतं ते नाव. त्याला कढणाच्या रांगेत बसवलं की तो सज्जन आहे. काही ठिकाणी त्यात भाजलेली धान्याची भरड घालतात, कुठे लोणी, कुठे छोट्या मटणाच्या करंज्यासुद्धा. हा सगळा प्रकार चहाला शोभत नसला तरी साराला शोभतो.

*

काराकोरम ओलांडून आम्ही अरखांगाइ प्रांतात शिरलो. काराकोरम म्हणजे एके काळची साम्राज्याची राजधानी. आज तिथे १५८६ साली उभारायला घेतलेला एर्देने झू मठ आहे, एक दगडी कासव आहे आणि भरपूर वारा आहे. पण १२५४ मध्ये विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्लँडर्सचा साधू इथे मोंगके खानाच्या दरबारात पोचला, तेव्हा त्याने एक चांदीचं झाड पाहिलं. पॅरिसच्या एका सोनाराने केलेलं. शेंड्यावर तुतारी घेतलेला देवदूत, आणि खाली चार नळांतून चार प्रकारची पेयं: द्राक्षाची, मधाची, तांदळाची आणि घोडीच्या दुधाची. "आपल्याकडं नळाला एक पाणी येईना," मी म्हणालो. त्या चौथ्या नळाशी माझी गाठ पडायला अजून एक दिवस होता.

अरखांगाइच्या एका दरीत अखांच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं गेर होतं. गेर म्हणजे लोकरीच्या नमद्याचं गोल घर, दार दक्षिणेला. वीस पावलांवरून अखांनी आरोळी ठोकली, "नोखोइ खोर!" म्हणजे कुत्रं धरा. कुत्रं असो वा नसो, आलो आहोत हे कळवायची ही रीत. आत जाताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. शिरल्यावर डावीकडून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे जायचं. चुलीकडे पाय पसरायचे नाहीत. दिलेली वस्तू उजव्या हातात घ्यायची आणि डाव्या हाताने कोपर धरायचं. मी यातल्या तीन गोष्टी चुकलो. हिने सगळ्या बरोबर केल्या. म्हणाली, "तीर्थ कसं घेतात? तसंच तर आहे."

घरातल्या आजीला 'एमे' म्हणायचं. चुलीत वाळलेल्या शेणाचा जाळ होता, आणि त्या वासाने आम्ही दोघं एकदम पन्नास वर्षं मागे गेलो. एमेने आमच्यापुढे एक थाळा ठेवला. हिने त्यात पाहिलं आणि भडंगाचं उघडू घातलेलं पाकीट हळूच पर्समध्ये परत गेलं.

थाळ्यात काय नव्हतं! 'ओरोम', म्हणजे साय. पण साय म्हणजे आपण चमच्याने बाजूला करतो तो पापुद्रा नव्हे. रुंद कढईत याकचं दूध मंद तापवून, पळीने वर खाली करून फेस आणून रात्रभर ठेवायचं. सकाळी बोटभर जाडीची चंद्रकोर घडी घालून निघते. 'ताराग' म्हणजे कवडीदार दही. 'श्यार तोस' म्हणजे शब्दशः पिवळं लोणी, अर्थात कढवलेलं तूप. 'ब्यास्लग' म्हणजे दाबलेलं पनीर. आणि 'बोर्त्सोग', म्हणजे शंकरपाळे, गोडी सोडून बाकी हुबेहूब. त्यांच्यावर साय थापून वर साखर भुरभुरवायची.

"अहो," ही म्हणाली. पुढे काही म्हणाली नाही. तोंड भरलेलं होतं.

मी एका पांढऱ्या वडीला हात घातला. दिसायला बर्फी. आत्मविश्वासाने दाढेखाली घेतली आणि कडाड् असा आवाज झाला. वडी शाबूत होती. दाढेत डॉक्टरांनी भरलेलं सिमेंट माझ्या तळहातावर होतं. तिचं नाव 'आरूल'. दह्याचा चक्का दाबून, कापून, गेरच्या छपरावर उन्हात खडखडीत वाळवतात. पापड, कुरडया, सांडगे घालावेत तसं छपरावर या वड्यांचं वाळवण असतं. ती चावायची नसते, गालात धरून तासभर चघळायची असते. घरातला चार वर्षांचा नातू गालात एक आरूल धरून माझ्याकडे दयेने बघत होता.

मग पोरीने एक गोष्ट सांगितली आणि माझ्या बायकोची मान इतकी ताठ झाली की ती अजून तशीच आहे. मंगोलियन माणूस अन्नाचे दोन भाग करतो. 'उलान इदे', म्हणजे तांबडं खाणं: मांस. आणि 'त्सगान इदे', म्हणजे पांढरं खाणं: दूधदुभतं. तांबडं हिवाळ्याचं. तेव्हा उणे तीस-चाळीस अंशांत अंगाला चरबी लागते, आणि बाहेर टांगलेलं मटण आपोआप गोठून टिकतं. उन्हाळ्यात जनावरांना दूध असतं, मटण टिकत नाही, आणि मेंढ्या गवत खाऊन अंगाला लागायच्या असतात. म्हणून उन्हाळाभर शक्यतो पांढरंच खायचं. हिवाळाभराच्या मांसाने जडावलेलं पोट त्याने साफ होतं, असं ते मानतात.

"म्हणजे यांचाही श्रावण असतो," ही म्हणाली.

तांबडा आणि पांढरा हे दोन रस्से शेजारी शेजारी मांडून, दोन्ही मटणाचेच करणाऱ्या गावचा मी. पांढऱ्याचा असाही काही अर्थ असू शकतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. अर्ध्या तासात हिला पूर्वेच्या बाजूला, म्हणजे स्वयंपाकाकडे बढती मिळाली. एमे मंगोलियनमध्ये आणि ही मराठीत, सायीवर बोलत बसल्या. दोघींना दुभाषी लागली नाही.

*

मी पश्चिमेला पुरुषांच्या बाजूला एकटा पडलो. दाराशेजारी गाईच्या कातड्याची एक भलीमोठी पखाल टांगली होती. तिच्या तोंडातून रवीचा दांडा वर आला होता. हीच ती चौथ्या नळाची वस्तू. पेय 'ऐराग', पखाल 'खोखूर'. ते करण्याची ही पारंपरिक रीत युनेस्कोने २०१९ मध्ये वारशाच्या यादीत घातली.

संध्याकाळी घोडीची धार काढताना बघितली. गंगावेशीत म्हैस येते, उभी राहते, रवंथ करते, आणि जग इकडचं तिकडे झालं तरी ढिम्म हलत नाही. घोडीला एवढा वेळ नसतो. आधी शिंगरू तोंडाला लावायचं. पान्हा फुटला की त्याला जरासं बाजूला ओढून तिच्या नाकासमोरच धरून ठेवायचं, आणि तिची समजूत आहे तोवर एका गुडघ्यावर बसून, दुसऱ्या गुडघ्यावर बादली तोलून धार काढायची. एका वेळी मिळणार थोडंच. म्हणून दर दोनेक तासांनी हाच खटाटोप, दिवसातून सहा-सहा वेळा. ते दूध पखालीतल्या जुन्या विरजणावर ओतायचं आणि घुसळायचं. किती? हजारो वेळा. म्हणून घरात येणाऱ्या-जाणाऱ्याने रवीचे चार हात मारायचे अशी रीत आहे. मी तालमीतल्या आठवणीने पन्नास मारले. अखांनी 'बरं आहे' अशा चेहऱ्याने बघितलं आणि पुढचे पाचशे एका हाताने मारले.

मग माझ्या हातात अर्ध्या लिटरचा वाडगा आला. चव सांगायची तर ताकाचं आणि ताडीचं लग्न लागावं आणि वरातीत खरोखरचं घोडं असावं. आंबट, जरा फसफसणारं, मागाहून बदामासारखं काहीतरी. मद्यार्क साधारण दोन टक्के, म्हणजे नावापुरताच. रुब्रुकलाही पहिल्या घोटाला दरदरून घाम फुटला होता. पण चव आवडली, असंही त्याने लिहून ठेवलंय. मला घाम फुटला नाही. माझं वेगळंच फुटायचं होतं.

चूक संस्कारांची झाली. ताटात टाकायचं नाही, हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं. मी वाडगा रिकामा करून परत दिला. तिथे दोन घोट घेऊन वाडगा परत द्यायचा असतो. यजमान तो पुन्हा काठोकाठ भरून पुढच्याला देतो. रिकामा वाडगा म्हणजे 'अजून हवं'. मी तीनदा 'अजून हवं' म्हणालो.

घोडीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा साखर जास्त असते आणि सवय नसलेल्या आतड्याला ती झेपत नाही, हे ज्ञान रात्री अकराला झालं. मंगोलियन भाषा मोठी शालीन. पुरुषाला परसाकडे जायचं असेल तर तो 'घोडं बघून येतो' म्हणतो. त्या रात्री मी सात वेळा घोडं बघून आलो. त्या दरीत झाड नाही, झुडूप नाही, दगड नाही. क्षितिजापर्यंत आडोसा म्हणून काही नाही. वर एवढे तारे की वाचायला पुस्तक घेऊन बसावं. पाचव्या खेपेला समोर अंधारात खरंच एक घोडं उभं होतं. त्यानेही मला बघितलं. दुधाचा हिशेब त्याच्या घरच्यांनी माझ्याकडून पुरता वसूल केला होता. आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सकाळी अखांनी पोटावर हात फिरवून पोरीमार्फत निरोप दिला: "हिवाळ्यातलं सगळं मटण निघून गेलं."

"मी हिवाळ्यात इथं नव्हतो," मी म्हणालो.

*

तिसऱ्या दिवशी आमच्यासाठी मेंढा पडला. पाहुण्यांसाठी उन्हाळ्यातही तांबड्याला सूट असते. पदार्थ 'खोरखोग'. आपल्या दूध संघाला दूध घालायला नेतात तसला ॲल्युमिनियमचा कॅन घ्यायचा. नदीतले गोल गोटे शेणाच्या विस्तवात लाल होईपर्यंत तापवायचे. मग कॅनमध्ये एक थर मटणाचा, एक थर गोट्यांचा, बटाटा, गाजर, कांदा, मीठ आणि तांब्याभर पाणी. झाकण घट्ट. वाफ बाहेरून आणि उष्णता आतून. शिट्टी नसलेला कुकर. रायगडकडची पोपटी ज्याने खाल्लीय त्याला अंदाज येईल, फक्त इथे मडक्याच्या जागी कॅन आणि वालाच्या शेंगांच्या जागी मेंढा.

दीडेक तासाने झाकण उघडलं की आधी मटण नाही वाढत, दगड वाढतात. चरबीने माखलेला, काळा, कढत गोटा तुमच्या हातात. तो या हातातून त्या हातात झेलत राहायचा; त्याने शीण जातो म्हणतात. माझा शीण गेला की नाही ठाऊक नाही, पण त्या दोन मिनिटांत दुसरं कोणतंही दुःख आठवलं नाही हे खरं.

मग मटण. मसाला नाही, तिखट नाही, आलं-लसूण नाही, खोबरं-तीळ नाही. मीठ आणि मेंढा. मी मनात म्हटलं, बिचारे! आणि डबीकडे हात गेला.

नेमक्या त्याच वेळी घरातल्या आजोबांनी आपल्या अंगरख्यातून दगडाची एक नक्षीदार बाटली काढून मला दिली. तपकिरीची. पाहुण्याशी तपकीर अदलाबदल करणं हा तिथला रामराम. दुसऱ्याची बाटली उजव्या हातात घ्यायची, चिमूटभर ओढायची किंवा नुसता वास घ्यायचा, बाटली परत द्यायची; आणि आपलीही पुढे करायची. मी रीतसर वास घेतला, परत दिली. आणि माझ्या डाव्या हातात उघडी चांदीची डबी होती.

आजोबांचे डोळे चमकले. आत लालभडक, बारीक, कोरडी पूड. हिंदुस्थानची तपकीर! "अहो, नको..." हे शब्द माझ्या तोंडून मराठीत निघाले, आणि मराठी त्या घरात आतापर्यंत फक्त सायीबद्दलच बोलली गेली होती. आजोबांनी भली दांडगी चिमूट घेतली. उजवी नाकपुडी. मग, पाहुण्याचा मान म्हणून, डावी.

काही क्षण गेरमध्ये पूर्ण शांतता होती. आजोबांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग तांबडा. मंगोलियन पाककलेचे दोन्ही विभाग मी एकाच माणसाच्या चेहऱ्यावर बघितले. मग पहिली शिंक आली. छपरावरचं आरूल हललं. दुसऱ्या शिंकेला कुत्रं उठून निघून गेलं. अकरा झाल्या. मी मनातल्या मनात अंबाबाईला नवस बोलत होतो. अकराव्या शिंकेनंतर आजोबांनी दोन्ही बाह्यांनी डोळे पुसले, एक खोल श्वास घेतला, आणि अतीव समाधानाने म्हणाले, "सैन!" म्हणजे उत्तम. त्यांचं दोन महिन्यांपासून चोंदलेलं नाक मोकळं झालं होतं.

डबी त्यांनी परत दिली नाही. मागायचं मला धाडस झालं नाही.

त्यामुळे मटण मला तसंच खावं लागलं, आणि तो उपकारच झाला. पहिल्या घासाला वाटलं, काहीच चव नाही. तिसऱ्या घासाला कळलं की मसाल्याचा गलका थांबल्याने कानाला दडे बसलेत. पाचव्या घासाला मेंढा बोलायला लागला. त्याने काय खाल्लं होतं, कुठल्या उतारावर चरला होता, रानकांदा किती होता, सगळं. मी जन्मभर रश्श्याची स्तुती करत आलो होतो. मटणाशी ही माझी पहिलीच भेट होती. खांद्याचं चपटं हाड आलं तेव्हा अखांनी त्यावरचं मांस सुरीने सोलून सगळ्यांना एकेक तुकडा दिला. ते एकट्याने खायचं नसतं. बसलेल्या प्रत्येकाला त्यातलं काहीतरी मिळालंच पाहिजे.

*

शेवटच्या संध्याकाळी एमेने चुलीवर पातेलं चढवलं. त्यात आंबवलेलं ताक, त्यावर दोन्ही बाजूंनी उघडं लाकडी पिंप, पिंपाच्या आत टांगलेलं एक भांडं आणि सगळ्यात वर गार पाण्याची कढई. वाफ वर जाते, गार बुडाला लागून थेंब थेंब आतल्या भांड्यात पडते. गोव्यात किंवा कोकणात फेणीची भट्टी पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. हिने मात्र पाहिली नव्हती.

"काय करतायत?" हिने विचारलं.

"दुधाचाच पदार्थ आहे," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

'शिमीन अर्खी' पाण्यासारखी स्वच्छ, कोमट, आणि वासाला लोणी कढवल्यासारखी असते. एमेने चांदीच्या वाटीत ती हिच्यापुढे धरली. हिने उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने कोपर धरलं. पोरीने सांगितलं, आधी अनामिका बुडवून थेंब उडवायचे, आभाळाला. हिचा चेहरा उजळला. अनामिकेनेच तर आपण देवाला गंध लावतो. तिने थेंब उडवले, डोळे मिटले आणि वाटी एका दमात संपवली.

आणि रिकामी परत दिली. रिकामी वाटी म्हणजे काय, हे मी तिला सांगायला हवं होतं.

तिसऱ्या वाटीनंतर, रिवाजाप्रमाणे, एकेकाने गाणं म्हटलं. अखांनी घोड्यावरचं म्हटलं, आजोबांनी आईवरचं म्हटलं आणि मध्ये दोनदा आनंदाने शिंकले. हिची पाळी आली. तेव्हा हिला आठवलं की आज मंगळवार आहे. श्रावणातला. मंगळागौरीचं एक गाणं ती अशी काही खड्या आवाजात म्हणाली की बाहेरच्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. मग तिने एमेचे दोन्ही हात धरले, तिला दाराबाहेर नेलं आणि फुगडी सुरू केली. पंच्याहत्तरीची एमे, साठीची ही, मागे मावळता सूर्य, आणि दोघी गरगर गरगर. घड्याळाच्या काट्याप्रमाणे. तेवढं भान हिला त्या अवस्थेतही होतं.

"श्रावण मोडला की गं तुझा," मी रात्री म्हणालो.

"पांढऱ्यातच मोडतं ते," ती म्हणाली आणि घोरायला लागली.

भडंगाची दहा पाकिटं आम्ही परत आणली.

परवा गंगावेशीत गेलो. श्रावण सरला होता, कट्टा भरलेला. "काय भावा, मंचुरियन कसं होतं?"

"बाइखग्वी," मी म्हणालो.

"झक्कास असणार," एकजण म्हणाला. "नावच भारी हाय."

म्हशीच्या दुधाचा ग्लास हातात आला. वर चार बोटं फेस. मी उजव्या हातात घेतला, डाव्या हाताने कोपर धरलं, अनामिका बुडवली आणि थेंब वर उडवला.

"काय रं," शेजारचा ग्लासात डोकावत म्हणाला, "माशी पडली व्हय?"